गावाच्या नावातले अक्षर

गेल्या वर्षी एका देवस्थानच्या उत्सवात शाळकरी मुलांसाठी शब्दकोड्यांची स्पर्धा झाली. परीक्षकांच्या पंक्तीस प्रस्तुत लेखकासही बसविण्यात आले होते. गावाच्या नावातून काही वगळावे व उरलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा, असा खेळ. एक प्रश्न ‘फोंडा’ या नावावर होता. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने शेवटचा काना पुसून ‘फोंड’ असे लिहिले आणि अर्थ दिला, खड्डा. घरी कोंकणी बोलणाऱ्या कोणासही हा शब्द परका नाही. तरी उत्तर चूक ठरले. छापील उत्तर होते ‘पाँड’, म्हणजे इंग्रजीतले तळे. प्रश्नकर्त्याने रोमी स्पेलिंगातील शेवटचा ‘ए’ वगळला होता! मी आक्षेप घेतला, तो बहुमताने फेटाळला गेला. वकिलास अपिलाची सवय असते. आता हे अपील वाचकांच्या न्यायासनापुढे.

प्रतिपक्ष म्हणतो, पोरखेळ तो, त्यासाठी एवढा खल कशाला? पोरखेळ खराच, पण त्याचे कूळ पाहावे. सातव्या शतकातील बाणभट्टाचा राजा शूद्रक ‘कादंबरी’त ज्या विनोदांनी वेळ घालवितो, त्यांत अक्षरच्युतक व मात्राच्युतक यांची नावे आहेत. अक्षर गाळले की अक्षरच्युतक, मात्रा गाळली की मात्राच्युतक, अनुस्वार गाळला की बिंदुच्युतक. त्या मुलीने नकळत निर्दोष मात्राच्युतक सोडविले होते. शास्त्र तिच्या बाजूस होते आणि निकाल तिच्याविरुद्ध गेला.

हा खेळ मुळात कानाचा आहे. सातारा घ्या. पहिले अक्षर काढले की तारा, मधले काढले की सारा. देवास घ्या. पहिले गेले की वास, मधले गेले की देस, शेवटचे गेले की देवा; तीनही वेळा अर्थ शिल्लक! म्हापशाचे पहिले अक्षर वगळा, पसा हाती येतो. आमचे अक्षर व्यंजन व स्वर एकजीव होऊन बनते, म्हणून ते काढले तरी उरलेला ध्वनी अभंग राहतो. नाव अचूक उच्चारणाऱ्यासच हा खेळ साधतो, आणि खेळता खेळता उच्चार पक्का होतो. रोमी स्पेलिंगावर तोच खेळ मांडला म्हणजे मूल नाव ऐकत नाही, ठसे मोजते. केपें हे नाव ‘क्वेपेम’ आणि काणकोण हे ‘कॅनाकोना’ असे वाचणारी मुले आज आपल्याच घरांत आहेत. ती कोठून आली, याचा शोध दूर घ्यावयास नको.

रोमी लिपीत कोंकणी लिहिणाऱ्या बांधवांवर हा कटाक्ष नव्हे. त्यांना त्या लिपीचे संकेत ठाऊक असतात. ते केपें ‘केपें’च वाचतात. दोष आपला, जे ती लिपी इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतात. उलट एक कबुली देणे प्राप्त आहे. 1962 च्या लेखननियमांनी मराठीतून अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यांबरोबर पेडणें, सांगें या नावांवरचा बिंदूही आम्ही पुसला, जो कोंकणीच्या तोंडी आजही उच्चारला जातो. सांगें या गावाचे ‘सांगे’ असे क्रियापद झाले! पोर्तुगीज कारकुनाने मात्र शेवटी ‘एम’ लिहून तो नासिक्य ध्वनी टिपून ठेवला. परक्याने राखले ते आम्ही गाळले. हे बिंदुच्युतक आम्ही गंभीर चेहऱ्याने सोडविले.

एका मात्रेचे एवढे काय, असे ज्यांस वाटते त्यांनी बेळगावकरास विचारावे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी दप्तरी ते शहर ‘बेळगावी’ झाले. मराठी कानास हा फरक एका वेलांटीचा. पण त्या वेलांटीचा सल अजून गेलेला नाही. आणि आमच्या महाजनांना तर हे सांगावयासही नको. सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला. मूळ देवालये राहिली नाहीत. पूर्वजांनी बरोबर आणले ते दैवत आणि मागे सोडलेल्या गावाचे नाव. ज्या समाजाने चार शतकांहून अधिक काळ केळशीचे नाव जिभेवर जपले, त्याच्याच मंडपात गावाचे नाव परक्या स्पेलिंगाने मोजले जावे, हे मला सोसवत नाही.

मागणी लहान आहे. उत्सवमंडळांनी ही कोडी जरूर घालावीत, पण देवनागरीत घालावीत. कोंकणी नावावरचा बिंदू राखावा. आणि मुलाने घरच्या भाषेतला शब्द दिला तर पुस्तकी उत्तरापुढे तो बाद करू नये. त्या मुलीला तिचे बक्षीस आता मिळणार नाही. पुढच्या उत्सवात तिला विचारावयाचे कोडे तरी तिच्या गावाचे असावे. कवळे घ्या: मधले अक्षर काढले की उरते ‘कळे’. परीक्षकांनाही ते तेवढेच लागू आहे.