मरणाचा हक्क आणि रिकामा खिसा

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या सहकारी कै. अरुणा शानबाग यांची शुश्रूषा १९७३ पासून २०१५ पर्यंत केली. त्यांना मरू द्यावे, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. तथापि त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या संमतीने, जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाट खुली झाली. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क व वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. २०२३ मध्ये त्याच्या अटी शिथिल झाल्या. विष टोचून प्राण घेणे मात्र आजही गुन्हाच आहे, आणि तो गुन्हाच राहावा, असे आमचे मत आहे.

अटळ मृत्यूची वाट न अडविणे निराळे आणि मृत्यू घडविणे निराळे. परंतु उपचार थांबविण्याचा निर्णय रुग्णाच्या यातना पाहून होतो की रुग्णालयाचे बिल पाहून? कायद्याने नेमावयाची दोन वैद्यकीय मंडळे रोगाची परीक्षा करतील. घरच्या दारिद्र्याची कोण करणार? यातना शमविणारी शुश्रूषा सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत विनामूल्य उपलब्ध करून दिलीच पाहिजे. तोवर गरिबाच्या संमतीला संमती म्हणण्यास आमचे मन धजत नाही. सुस्थित वाचकांनी मात्र आपले इच्छापत्र आजच लिहून ठेवावे. तो निर्णय मुलाबाळांच्या माथी मारू नये.