हौसेला मोल नाही, गरजेला मात्र हिशेब

सार्वजनिक पैशाचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गरज असेल तिथे सरकारने जरूर द्यावे, पण लोकांच्या हौशी पुरवू नयेत.’ वाक्य शहाणपणाचे आहे. तिजोरी अक्षय नाही आणि मतांवर डोळा ठेवून वाटलेली प्रत्येक वस्तू गरज ठरत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो हे वाक्य नेहमी गरिबाच्याच ताटाकडे पाहून उच्चारले जाते, याला.

शाळेतल्या अंड्याचेच पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबवण्यात आला. शाळांना हवे असल्यास त्यांनी लोकसहभागातून खर्च भागवावा, असे सांगण्यात आले. म्हणजे काल जी मुलांची गरज होती, ती ज्या गावाला परवडेल त्या गावाची हौस ठरली! ज्या पाड्यावर वर्गणी देण्याची कुणाची ऐपत नाही, तिथेच अंड्याची निकड सर्वांत मोठी, हा विचार कुणी केला?

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. प्राथमिक शाळेतील मुलाला दुपारच्या आहारातून दररोज १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा शासनाचाच निकष आहे. त्या दिवसाचा निम्मा वाटा एकट्या अंड्याने भरतो. याला चैन म्हणायचे, तर गरज कशाला म्हणायचे?

असे आक्षेप नवे नाहीत. १९८२ मध्ये तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी मुलांच्या दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हा ही मतांसाठीची उधळपट्टी आहे, अशी टीका झाली. १९९५ मध्ये केंद्र सरकारने देशभर तशी योजना आणली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते जेवण मुलांचा हक्क ठरले. मुलांची भूक १९८२ मध्येही तीच होती. तिला गरज म्हणायला आपल्याला वेळ लागला, इतकेच.

मग गरज ओळखावी कशी? आमची कसोटी साधी आहे. आज खर्च टाळला, तर होणारे नुकसान उद्या भरून निघेल का? चौकाचे सुशोभीकरण पुढील वर्षी केले तरी चौक जागेवरच असतो. सात वर्षांच्या मुलाचे सातवे वर्ष मात्र पुन्हा येत नाही.

दुसरी कसोटी आपल्या स्वतःसाठी. ‘हौसेला मोल नाही’ असे म्हणत आपण पहिल्या कम्युनियनच्या मेजवानीला मांडव घालतो, नाताळच्या केकसाठी डझनाने अंडी फोडतो. आनंद करू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच ओट्याशी उभे राहून दुसऱ्याच्या लेकराच्या एका अंड्याचा हिशेब मागताना आपली जीभ अडखळू नये काय?

कुणी म्हणेल, ‘मग आपणच वर्गणी काढू.’ अवश्य काढू. भुकेले मूल शासननिर्णयाची वाट पाहू शकत नाही. पण आपली वर्गणी ही शासनाची सुटका होता कामा नये. वर्गणी देणाऱ्याचा उत्साह ओसरला की दान थांबते. हक्क तसा थांबत नाही. म्हणून वाचकहो, वर्गणीच्या पाकिटाबरोबर ग्रामसभेत आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत एक मागणीही लेखी द्या : मुलांच्या ताटातले अंडे सरकारी खर्चाने परत आले पाहिजे.