सेल्फ, कार्बन आणि दोनशे रुपये

आपल्याकडे वस्तूचे पैसे द्यायला कुणी फारशी कुरकुर करत नाही. डोकं चालवल्याचे पैसे मागितले की मात्र कपाळाला आठ्या! "औषध तर दिलंच नाही, मग फी कसली?" असं डॉक्टरांच्या दारात म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. गॅरेजमध्येही तीच तऱ्हा. माझं मत असं की खिशाला जास्त कात्री लागते ती या सवयीमुळेच. उदाहरण घरातलंच आहे, पुतण्याला विचारूनच लिहितो आहे.

पुतण्याची द्राक्षबाग तासगावकडे. हंगामात तो आपल्या जुन्या पिकअपमधून माल पुण्याला नेतो आणि वाटेत साताऱ्याला आमच्याकडे चहा घेतो. यंदा आला तो गाडी चालू ठेवूनच. म्हणाला, "काका, बंद केली तर परत सेल्फ घेत नाही. सकाळी गार असली की घेते, तापली की नुसतं टक!" आमचा चहा होईपर्यंत दारात डिझेल जळत होतं. भरलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यात बंद पडली तर धक्का कोण मारणार? आणि उशिरा पोचलेल्या द्राक्षाला भाव कोण देणार?

बरं, उपाय झाले नव्हते असंही नाही. एका गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी "बॅटरी गेली" म्हणून नवी बॅटरी बसवली होती. काही हजार गेले, दुखणं तिथंच. दुसऱ्याने गाडीला हातही न लावता "अख्खा सेल्फ बदला" असं सांगितलं होतं.

आता हा 'सेल्फ' शब्द बघा. पूर्वी मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावं लागे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींमध्ये तो आला. मोटार आपली आपण सुरू होते म्हणून 'सेल्फ-स्टार्टर'. पुढे इंग्रजीत 'स्टार्टर' राहिला, आपण 'सेल्फ' ठेवला. हे केटरिंग तरुणपणी खेड्यातल्या शाळेत शिक्षक होते, हे वाचून आमच्या जमातीबद्दल जरा अभिमान वाटला. असो.

शेवटी पुतण्या गाडी घेऊन सांगलीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेला. मीही त्या वेळी सांगलीतच होतो, म्हणून सोबत गेलो. मिस्त्रींनी आधी प्रश्न विचारले. आवाज कसा येतो? एकच टक, की कट-कट-कट-कट? दिवे मंद होतात का? गार असताना होतं, की तापल्यावर?

मी भाषेचा मास्तर, पण प्रत्येक आवाजाला स्वतंत्र अर्थ आहे हे तिथं कळलं. भराभर कट-कट वाजलं तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. मोटर नुसती घरघर फिरली आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स धरत नाही. खरखर दात घासल्यासारखा आवाज आला, तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते बघायचे. आणि एकच टक होऊन दिवे लख्ख राहिले, तर वीज आहे पण ती मोटरमधून वाहत नाही.

मग मिस्त्री म्हणाले, "मिरजेपर्यंत जाऊन ये. दुखणं दिसल्याबिगर औषध नाही." गाडी तापून आली, बंद केली, आणि झालं टक! आता मीटर बाहेर निघाला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. पुतण्याने किल्ली फिरवून धरली आणि मिस्त्रींनी मोटरचं टर्मिनल व मोटरचीच बॉडी यांच्यात मीटर लावला. तिथंही १२ च्या आसपास. म्हणजे केबल ठीक, अर्थिंग ठीक, सोलेनॉइडचा संपर्कही ठीक. वीज मोटरच्या दारात उभी, आणि मोटर ढिम्म! मग लाकडी दांड्याने मोटरला हलकेच टिचकी मारली आणि ती लगेच फिरली. कार्बन झिजून आखूड झाले होते. मागच्या स्प्रिंगला ते नीट दाबता येत नव्हते आणि तापल्यावर घरात अडकत होते. कार्बन आणि बुश बदलले, काही शे रुपयांत काम झालं. (टिचकी हा उपाय नव्हे बरं का. जोरात मारलं तर काही मोटरींमधले चुंबक तडकतात.)

केबल आणि अर्थिंग का तपासायचं, त्याचा हिशेब शाळेतला आहे. सेल्फ फिरताना समजा ३०० अँपिअर वीज ओढतो. गंजलेल्या टर्मिनलमध्ये ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी ३ व्होल्ट तिथंच खर्च होतात. बारापैकी नऊच उरले तर बिचारी मोटर काय करणार? अशा गाडीला नवा सेल्फ बसवूनही उपयोग नाही. ओहमचा नियम आपण घोकून परीक्षेत लिहितो आणि उत्तरपत्रिकेतच सोडून येतो.

आता मुख्य गोष्ट. मिस्त्रींनी तपासणीचे दोनशे रुपये वेगळे सांगितले, तर आमचे चिरंजीव घासाघीस करू लागले! बॅटरीचे हजारो रुपये मुकाट्याने मोजणारा हात दोनशेला अडला. मी म्हटलं, "बाळा, तू गॅरेजवाल्यांना शिव्या देतोस, पण नुसत्या तपासणीचे पैसे तू कुणाला दिलेस? पार्ट विकला तरच चूल पेटणार असेल, तर माणूस पार्टच विकणार." त्याने दोनशे दिले.

दुसरी बाजूही आहे. कम्युटेटर जळला असेल, आर्मेचरची वायंडिंग गेली असेल, तर अख्खा सेल्फ बदलणंच शहाणपणाचं. ऐन हंगामात दुरुस्तीला वेळ नसेल तरी बदलावा. माझा आक्षेप बदलण्याला नाहीच, न तपासता बदलण्याला आहे. चुकलेलं गणित नव्या वहीत उतरवलं म्हणून बरोबर येत नाही.

तेव्हा नातेवाईक आणि ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना एवढंच सांगणं. पार्ट बदला म्हणणाऱ्याला 'कशावरून?' असं नम्रपणे विचारा. त्याने मीटर लावून दाखवलं, तर त्या मीटरचे आणि त्यामागच्या डोक्याचे पैसे हसतमुखाने द्या. असे मिस्त्री आता थोडे उरलेत. त्यांच्या हाताखाली नवी मुलं शिकायला हवी असतील, तर या कामात पोट भरतं हे त्या मुलांना दिसायला नको का?