नावाविना ओळख

बँकेतील सेवाकाळात एका शाखेत एकाच नावाचे व आडनावाचे दोन खातेदार होते. एकाचा धनादेश दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला. तिसऱ्या दिवशी उलट नोंद करून आम्ही सुटलो. रुग्णाच्या कागदपत्रांत अशी अदलाबदल झाली, तर उलट नोंदीने भागत नाही.

तथापि रुग्णालय, प्रयोगशाळा व मृत्युनोंदणी यांच्या नोंदी परस्परांशी ताडल्यावाचून एखाद्या औषधाचा दीर्घकालीन परिणाम कळणे कठीण. ताडताना नाव उघड होऊ नये, ही अपेक्षाही रास्तच. मालकाच्या आजाराची कुणकुण लागताच बाजारातली पत आणि घरातली सोयरीक दोन्ही डळमळतात, हे आपणां व्यापाऱ्यांना का सांगावयास हवे?

ऑस्ट्रेलियात याकरिता 'एसएलके-५८१' हा संकेत वापरतात. आडनावातील दुसरे, तिसरे व पाचवे आणि नावातील दुसरे व तिसरे अशी ५ रोमन अक्षरे, जन्मतारखेचे ८ अंक, लिंगदर्शक १ अंक. अक्षर कमी पडल्यास तेथे २ हा आकडा. आता आपलेच आडनाव घ्या. 'शाह' रोमनमध्ये चार अक्षरी लिहिल्यास एच, ए, २. शेवटी आणखी एक 'ए' जोडल्यास एच, ए, ए. माणूस एक, संकेत दोन! उलटपक्षी, गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिलेल्या आमच्या पिढीत, एकाच साली जन्मलेले रमेश शाह आणि रमणलाल शाह यांचा संकेत तंतोतंत एकच येईल. एकाला पेनिसिलिन सोसत नसेल, तर ती नोंद कोणाच्या खात्यावर पडावी?

शिवाय नाव व जन्मतारीख ठाऊक असणारा कोणीही हा संकेत घरबसल्या तयार करू शकतो. नाव गाळले म्हणजे गुप्तता साधली, असे नव्हे. २००९ साली जर्मन संशोधकांनी नावाचे दोन-दोन अक्षरी तुकडे शून्य-एकच्या पट्टीत मांडण्याची रीत सुचविली. तीत शुद्धलेखनातील किरकोळ फरक सांभाळला जातो. पण वारंवार येणारी नावे त्या पट्टीतूनही हुडकता येतात, हे पुढे दिसून आले.

माझा विश्वास तिजोरीच्या दोन किल्ल्यांवर अधिक. नोंदी जोडणाऱ्यास ओळख दिसावी, आजार नव्हे. अभ्यासकास आजार दिसावा, ओळख नव्हे. ऑस्ट्रेलियात ही विभागणीही पाळतात.

हे लिहिताना स्वतःची फाईल काढून पाहिली. आधारपत्रावर मी चार अक्षरी शाह आहे, रुग्णालयाच्या कार्डावर पाच अक्षरी. सोमवारी दुरुस्तीचा अर्ज देणार आहे.