एप्रिलचे आकडे आणि राखून ठेवलेला पिचर

एप्रिलच्या आकड्यांवरून बेसबॉलपटूला निकालात काढू नये. २०२४च्या एप्रिलमध्ये यांकीजच्या ॲरन जजची घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. मोसमाअखेर त्याच्या नावावर ५८ होमरन आणि एमव्हीपीचा (सर्वात मौल्यवान खेळाडूचा) मान होता. १६२ सामन्यांच्या मोसमात शितावरून भाताची परीक्षा होत नाही. बुलपेनबाबत, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्याबाबत, मात्र मी थांबायला तयार नाही. हुकमी पिचर नवव्या इनिंगमधल्या आघाडीसाठीच राखण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडायला हवी. २०१६च्या वाइल्ड कार्ड सामन्यात बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन, त्या मोसमात आघाडी टिकवण्याच्या (सेव्हच्या) ४७ पैकी ४७ संधी साधणारा, बुलपेनमध्येच राहिला. अकराव्या इनिंगमध्ये टोरँटोच्या एन्कार्नासियोनने दुसऱ्याच पिचरला होमरन ठोकून सामना संपवला. सातव्या इनिंगलाच सामना अडला असेल, तर सर्वोत्तम पिचर तेव्हाच उतरवा.