सातबारा मोबाइलमध्ये, कसणारा बांधावरच!

पूर्वी पीकपाहणी हे तलाठी भाऊसाहेबांचे काम असे. कधी ते शिवारात येत, कधी चावडीतच बसून गेल्या वर्षीचे पीक यंदा उतरवीत. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी आली आणि उभ्या पिकाचा फोटो शेतकरी स्वतः पाठवू लागला. हे चांगलेच झाले. नोंद खरी असली की विमा आणि नुकसानभरपाई यांची वाट सोपी होते. केंद्रानेही सप्टेंबर 2024 मध्ये 2,817 कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मोहिमेला मंजुरी दिली.

पण या साऱ्याचा पाया आहे सातबारा. शेतकऱ्याचा नवा ओळख क्रमांकही त्यालाच बांधलेला. बँकेत पीककर्जाची प्रकरणे पाहताना सही करणारा एक आणि राबणारा दुसरा, हे मी कितीदा तरी पाहिले. बटाईदार, वारसनोंद रखडलेली विधवा यांना आमच्या खातेवहीत जागा नव्हती. नियमावर बोट ठेवून मीही त्यांना परत पाठवले आहे.

कूळकायदा 1948 चा. पण जमीन जाईल या धास्तीने मालक आजही बटाईचा करार लिहून देत नाही. मग हवामानाचा सल्ला शहरातल्या मालकाच्या मोबाइलवर जाणार, आणि पेरायचे कधी हे ठरवणारा आभाळाकडेच पाहत राहणार! मालकाची जमीन सुरक्षित राहील आणि कसणाऱ्याचे नावही लागेल, असा कायदा आधी हवा. नाहीतर माझ्या खातेवहीतली चूकच संगणक अधिक वेगाने करील.