संक्रांतीचे वाहन आणि सांताची पोतडी



नाताळच्या सुट्टीत नात सेलूला आली होती. तिच्या शाळेत मुलांकडून सांताला पत्रे लिहून घेतली होती. जेवताना तिने विचारले, "आजोबा, आपला सांता कोण?" मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "आपली संक्रांत!" सगळे हसले. नातीला मात्र हसण्याचे कारण कळेना. एखाद्यावर संक्रांत येणे म्हणजे आपत्ती ओढवणे, हा अर्थ इंग्रजी शाळेतल्या मुलीला कोण सांगणार? परंतु ते उत्तर माझ्या मनात राहिले आणि विचार करता करता पुष्कळसे खरे वाटू लागले.

सांताचे मूळ संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप. ही नगरी आजच्या तुर्कस्तानात येते. त्यांची प्रसिद्ध दंतकथा अशी की, एका निर्धन गृहस्थाच्या तीन मुलींचे विवाह हुंड्यावाचून अडले होते. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, तीही एकदा नव्हे, तीन वेळा, आणि आपले नाव कळू नये याची काळजी घेतली. ज्याला आपण गुप्तदान म्हणतो ते हेच. 6 डिसेंबर हा त्यांचा दिवस. हॉलंडमधील मुले त्या सुमारास बुटात गाजर वा गवत ठेवतात, ते संतांच्या पांढऱ्या घोड्यासाठी. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी उत्तर युरोपात ओडिन नावाचा देव पूजला जाई. तो आठ पायांच्या घोड्यावरून फिरतो, अशी कथा होती. काही अभ्यासक या दोन घोड्यांचे नाते जोडतात. पुरावा क्षीण आहे, पण हिवाळ्याच्या लांब रात्री आकाशातून कोणीतरी वाहनावर बसून येते ही कल्पना बिशपांहून जुनी आहे, असे मानायला हरकत नाही. इटलीत बेफाना नावाची म्हातारी झाडू घेऊन 5 जानेवारीच्या रात्री येते आणि खोडकर मुलांना कोळसा देते. रशियाच्या हिमबाबाला तर सोव्हिएत सरकारने आधी हद्दपार केले आणि 1935 साली पुन्हा बोलावले. आजचा लाल कोटातला गुबगुबीत सांता मात्र अमेरिकेचा. 1823 साली तिथल्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअर दिले, 1863 पासून व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी रूप दिले आणि 1931 पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी तो घरोघरी नेला. शेवटी व्यापाऱ्यानेच!

आता आपली संक्रांत. जुन्या पंचांगातले तिचे चित्र वाचकांना आठवत असेल. लांब ओठ, दीर्घ नासिका, एक मुख आणि नऊ बाहू. तिने संकरासुराला मारले, म्हणून संक्रांत. दुसऱ्या दिवशी किंकरासुराला मारले, म्हणून किंक्रांत. ती एका दिशेकडून येते, दुसरीकडे जाते आणि तिसरीकडे पाहते. ती कशावर बसली, काय नेसली, काय खाते आहे, हे सगळे संक्रांतिफलात छापलेले असते. आणि लोकसमजूत अशी की, ती जे नेसते, खाते, वापरते ते महागते. बेफाना कोळसा तरी देते. आमची संक्रांत येते आणि घेऊनच जाते. म्हणूनच की काय, त्या दिवशी देण्याचे काम बायकांनी आपल्या हाती घेतले. सुगडात ऊस, बोरे, हरभरा, ओंब्या भरायच्या (आपल्या घरांत कंदमूळ म्हणून गाजर वगळायचे), तीळगूळ वाटायचा, रथसप्तमीपर्यंत वाण लुटायचे. लहानग्याला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. बोरन्हाण ते हेच. नातीला मी म्हटले, "तुझ्या डोक्यावर पोतडी उलटी केली होती आम्ही, तुला आठवत नाही एवढेच."

दोन्ही सणांच्या तारखांचे नाते सूर्याशी जोडले जाते. जुन्या रोमन कालगणनेत वर्षातील सर्वांत लहान दिवस 25 डिसेंबरला धरीत. आपल्याकडे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी होत असे. पुढे निरयन गणनेमुळे संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस या वेगाने पुढे सरकत राहिली. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी मकर संक्रांतीलाच झाला. 2026 मध्ये ती 14 तारखेस होती. उत्तरायण मात्र डिसेंबरातच सुरू होऊन जाते.

तिच्या वाहनाचे गणितही असेच रूक्ष आहे. तिथीच्या अर्ध्या भागास करण म्हणतात. करणे अकरा. सूर्य मकरेत जाताना जे करण चालू असेल, त्यावरून वाहन ठरते: बवाला सिंह, बालवाला वाघ, गराला हत्ती, विष्टीला घोडा, किंस्तुघ्नाला तर कोंबडा. वस्त्राचा रंगही त्याच कोष्टकातला. 2024 मध्ये विष्टी होते, म्हणून घोडा आणि काळे वस्त्र. 2025 मध्ये बालव, म्हणून वाघ आणि पिवळे वस्त्र. 2026 मध्येही बालवच, म्हणजे पुन्हा वाघ, पुन्हा पिवळे.

2025 मध्ये सोने जानेवारीत दहा ग्रॅमला ऐंशी हजारांच्या आतबाहेर होते. ऑक्टोबरात ते एक लाख वीस हजारांच्या पुढे गेले. मोंढ्यात मला ऐकवले गेले, "साहेब, पिवळे नेसली होती ना!" मी विचारले, तूर कोणत्या रंगाची? तिची डाळ तर पिवळीधमक. आणि तूर त्याच वर्षी बहुतेक काळ 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली विकली गेली. सोन्यामागे जगभरच्या मध्यवर्ती बँकांची खरेदी होती, तुरीमागे खुली राहिलेली आयात. संक्रांतीला दोन्हींची खबर नव्हती.

हे मी हसून लिहीत असलो तरी बँकेत असताना मला हसू आले नव्हते. एका वर्षी संक्रांत सिंहावर, पांढरे नेसून आली. आमच्या एका जुन्या, सचोटीच्या खातेदाराने कापूस चढणार या भरवशावर गाठी धरून ठेवल्या आणि कर्जाची मर्यादा वाढवून मागितली. कारण विचारले तेव्हा त्यांनी आंतरराष्ट्रीय मागणीविषयी काहीबाही सांगितले. पंचांगाचे नाव घेतले नाही. शिफारस माझीच होती. भाव उतरले, व्याज चढले आणि अखेर त्यांना दुकानाचा मागचा गाळा विकावा लागला. पुढे घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "पांढरे होते हो त्या वर्षी." तारण, उलाढाल, ताळेबंद सगळे तपासले होते मी. हा एक रकाना आमच्या अर्जात नव्हता.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता सांगितली आहे. नदीसागरात स्नान केल्याने, वाळूदगडांचे ढीग रचल्याने, कड्यावरून वा अग्नीत उडी घेतल्याने धर्म होतो असे मानणे म्हणजे लोकमूढता. रंगावरून भाव ठरवणे त्यांच्या यादीत नाही. पण त्यांच्या काळी मोंढा नसावा.

तथापि तीळगूळ सोडा असे मी म्हणणार नाही. माझी अडचण वेगळीच आहे. सांता घराघरांत भेद करीत नाही. आपले वाण मात्र कपाळाचे कुंकू पाहून हातात पडते. माझ्या वहिनी, दादा गेल्यापासून, संक्रांतीच्या दिवशी दुपारी चार वाजता माळ्यावरच्या खोलीत जाऊन स्वाध्याय करीत. कोणी त्यांना जा म्हटले नव्हते. थांबा असेही कोणी म्हटले नाही, त्यात मीही आलो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. हेरवाड शिरोळ तालुक्यात आहे आणि त्या तालुक्यात आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे. ते वृत्त मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले. पुढे दोन संक्रांती तशाच गेल्या.

गेल्या वर्षी आमच्या सौभाग्यवती चार वाजता जिना चढून वर गेल्या. काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. वहिनी खाली आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. वाणाची स्टीलची डबी पुढे आली तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला. आलेल्या बायकांपैकी दोघी उठून गेल्या; बाकीच्या बसून राहिल्या. डबी त्यांच्या मांडीवर ठेवली गेली.

यंदा वाण काय आणायचे, याची चर्चा परवा चालली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, डब्या नकोत, सगळ्यांकडे झाल्यात. पाणी गाळायची गाळणी घ्या, बारीक जाळीची. आणि एक जास्त आणा, त्या दोघींपैकी एखादी आली तर."